गोळीच्या आधी रक्ताचा एक थेंब

पावसाळा तोंडावर आला की कुत्रं पाळणाऱ्या घरांत गोचिडांची धास्ती सुरू होते. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी रोज चाचपणी होते. औषधी साबण येतो, मानेवर टाकायचे थेंब येतात. हे योग्यच आहे, गोचीडतापाने आपल्याकडे कितीतरी कुत्री दगावतात. पण त्याच कुत्र्याच्या नाकाच्या दांडीवर, कानाच्या आतल्या उघड्या कातडीवर, पोटाच्या विरळ केसांत रात्रभर डास बसलेले असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गोचीड निदान सापडतो, चिमटीत धरून दाखवता येतो. डास चावतो आणि उडून जातो. तो मागे काय सोडून गेला हे कळायला सहा-सात महिने लागतात, आणि ते कळावं म्हणून आपण सहसा काहीच करत नाही.

डास जे सोडून जातो त्यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे हार्टवर्म हा जंत, शास्त्रीय नाव डायरोफिलॅरिया इमिटिस. मादी वीतभराहून लांब, २५ ते ३० सेंटिमीटर वाढते. नर साधारण तिच्या निम्मा. हे जंत आतड्यात राहत नाहीत. हृदयातून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांत ते मुक्काम ठोकतात आणि संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतात. मादी तिथून रक्तात सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात, तिथे वाढतात आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्या कुत्र्यात शिरतात. डासाच्या अंगातली ही वाढ २७ अंशांच्या आसपास, दमट हवेत दहा ते चौदा दिवसांत पुरी होते. पारा १४ अंशांखाली राहिला तर ती थांबते. आता आपल्या किनारपट्टीचा जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. पालघरपासून काणकोणपर्यंत ही हवा महिनोन्‌महिने असते. देशावर, नाशिक-पुण्याकडे थंडीच्या रात्री पारा उतरतो, पण दिवसा उन्हात तो पुन्हा वर येतो. म्हणजे हवामानाच्या बाजूने या जंताला आपल्याकडे फारसा अडथळा नाही.

एकदा जंत मोठे झाले की ते पाच ते सात वर्षं जगतात. कुत्रं आधी थोडं खोकतं. पूर्वी दोन किलोमीटर धावणारं अर्ध्यात बसतं. मग वजन उतरतं, धाप लागते, पोटात पाणी होतं. घरचे म्हणतात, वय झालं. फार जंत असले तर ते हृदयातच गुंता करून बसतात, लघवी तांबडी-काळी होते आणि कुत्रं कोसळतं. त्या टप्प्यावर मानेतल्या शिरेतून जंत ओढून काढण्यापलीकडे फारसा उपाय नसतो, आणि ते करणारे हात व साधनं किती ठिकाणी असतील ते सांगायला नको.

त्याआधी निदान झालं तर उपचार आहे, पण तो सोपा नाही. मोठे जंत मारणारं औषध मेलारसोमिन हे सोमलयुक्त, म्हणजे आर्सेनिक असलेलं आहे. ते कमरेच्या स्नायूत खोलवर टोचावं लागतं. रूढ पद्धतीत आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन देतात, कारण या जंतांच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मेले की जंत दुबळा होतो. मग काही आठवड्यांनी पहिलं इंजेक्शन आणि त्यानंतर महिन्याने लागोपाठच्या दोन दिवशी दोन. मेलेले जंत तुकडे होऊन फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून या सगळ्या काळात कुत्र्याला पळू द्यायचं नाही, जिने चढू द्यायचे नाहीत, उड्या मारू द्यायच्या नाहीत. तरण्याताठ्या कुत्र्याला काही महिने असं बांधून ठेवणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. त्यातून हे औषध भारतात सहज मिळत नाही. मग डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिनवर, जंत हळूहळू मरण्याची वाट पाहत, वर्ष-दीड वर्ष काढावं लागतं. तोवर फुप्फुसांची झीज चालूच राहते.

म्हणून प्रतिबंध. त्यावर वाद नाही. वाद आहे तो आपण प्रतिबंध म्हणून जे काही करतो त्यावर.

पहिला घोळ जंताच्या औषधाचा. ‘आमच्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतो’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खरोखर काळजी घेणारे लोक असतात. पण दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल असतं. ते आतड्यातल्या गोल आणि चपट्या जंतांवर चालतं. हार्टवर्मला त्याने काडीचा फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना जिथून उचललं तिथेच सोडायला सांगितलं. या तिन्हींतलं जंतनिर्मूलन प्रत्यक्षात म्हणजे तीच गोळी. ती द्यावीच, कुत्र्याच्या पिल्लांना तर हवीच. पण जंताचं औषध झालं की सगळ्या जंतांचा बंदोबस्त झाला, ही समजूत पालिकेच्या कागदापासून आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत पसरली आहे.

दुसरा घोळ सुईचा. आपल्याकडे गावोगाव कुत्र्याला खरूज झाली, गोचीड झाले, की गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन टोचलं जातं. औषध मोठं गुणाचं आहे. याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून कुत्र्यांच्या हार्टवर्मसाठी ते रीतसर वापरात आहे. पण मात्रा बघा. हार्टवर्मच्या प्रतिबंधासाठी लागतं दर किलो वजनामागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे आपल्याला हवं ०.०१२ मिलिलिटर. चाळीस रेघांची इन्सुलिनची सिरिंज हातात घेऊन पाहा, तिच्या अर्ध्या रेघेइतकंही हे भरत नाही. ते मोजून कुणी टोचू शकत नाही, आणि टोचतही नाही. खरजेसाठी टोचतात ती मात्रा याच्या तीस-चाळीस पट असते. कोली, शेल्टी अशा जातींच्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांना ही मोठी मात्रा मेंदूपर्यंत जाऊन भिडते. लाळ गळते, तोल जातो, दिसेनासं होतं, कधी बेशुद्धीत जीव जातो. शिवाय रक्तात आधीच सूक्ष्म पिल्लं फिरत असतील तर मोठ्या मात्रेने ती एकदम मरून कुत्र्याला झटका बसू शकतो. आणि एवढं करून प्रतिबंध होतो का? वर्षातून दोनदा टोचून तर मुळीच नाही.

का नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हार्टवर्मसाठीची महिन्याची गोळी किंवा मानेवरचे थेंब पुढचा महिनाभर ढाल बनून उभे राहतात असं बहुतेकांना वाटतं. ही औषधं उलटं काम करतात. गेल्या महिन्यात डासाने ज्या अळ्या कातडीखाली सोडल्या, त्या कोवळ्या असतानाच ती मारतात. ही मागची झाडलोट आहे. साधारण पन्नास-साठ दिवस उलटले की अळी पुढच्या अवस्थेत जाते आणि मग महिन्याच्या मात्रेला दाद देत नाही. म्हणून दर तीस दिवसांनी, न चुकता. जूनमध्ये दिली, गणपतीत विसरली, दिवाळीत आठवण झाली, तर मधल्या फटीतून आलेली अळी तोवर हृदयाच्या वाटेला लागलेली असते. नंतरच्या नियमित गोळ्या तिला थोपवू शकत नाहीत.

इथवर वाचून वाटेल की मग प्रत्येकाने बारा महिने गोळी चालू करावी, विषय संपला. अमेरिकेत तेच सांगितलं जातं: बारा महिने औषध आणि दर बारा महिन्यांनी तपासणी. तिथे ते बरोबर आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि आखाताच्या किनाऱ्यावर हा रोग इतका मुरलेला आहे की २००५ मध्ये कटरिना चक्रीवादळानंतर तिथली बेघर कुत्री देशभर हलवली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत हार्टवर्मही निघाला. ह्यूस्टनहून किंवा न्यू जर्सीहून पुण्याला परतलेली मराठी कुटुंबं कुत्र्याबरोबर ती शिस्तही घेऊन येतात आणि इथल्या डॉक्टरांना विचारतात, तुमच्याकडे हार्टवर्मची गोळी कोणती? डॉक्टर एक तर परदेशी कंपनीची महाग गोळी लिहून देतात, किंवा सांगतात की इथे हार्टवर्म नसतो.

माझा आक्षेप या दोन्ही उत्तरांना आहे, कारण दोन्ही उत्तरं न पाहता दिलेली आहेत.

भारतात हा जंत आहे. ईशान्येकडच्या राज्यांत, आसाम-मिझोरामच्या बाजूला, डायरोफिलॅरिया इमिटिस वारंवार सापडलेला आहे. दक्षिणेकडे आणि आपल्या बाजूला त्याचा भाऊबंद जास्त दिसतो, डायरोफिलॅरिया रिपेन्स. हाही डासानेच पसरतो, पण राहतो कातडीखाली. तो हृदयात जात नाही, कुत्र्याला बहुधा फारसा त्रासही देत नाही, थोडी खाज, कुठे गाठ. मुंबईच्या कुत्र्यांत तो आढळलेला आहे. तिसरा आहे अकँथोकायलोनिमा रेकॉन्डिटम, पिसवांनी पसरणारा आणि जवळपास निरुपद्रवी. तिघांचीही पिल्लं रक्तात फिरतात.

मी डॉक्टर नाही. कोकणातल्या एका नसबंदी शिबिरात नोंदवही लिहिणारा माणूस आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी एकदा काचपट्टीवर ताज्या रक्ताचा थेंब घेतला, वर झाकणकाच ठेवली आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. तांबड्या पेशींचा थर होता आणि त्यात एका जागी खळबळ चालली होती, जणू खालून कुणी पेशी ढकलत होतं. मग तो दिसला, पारदर्शक, बारीक, वळवळणारा, आजूबाजूच्या पेशींना धक्के देत जागच्या जागी पीळ घालणारा. ‘हा कोणता, हे नुसतं असं बघून सांगता येणार नाही,’ बाई म्हणाल्या. डोक्याचा आकार, शेपटीचं वळण, लांबी मोजावी लागते. त्यासाठी नॉटची चाचणी असते: एक मिलिलिटर रक्त, नऊ मिलिलिटर दोन टक्के फॉर्मॅलिन, यंत्रात फिरवायचं, तळाशी बसलेलं रंग देऊन पाहायचं. त्याहून खात्री हवी तर पीसीआर. शहरातल्या दवाखान्यांत जी तयार पट्टी वापरतात ती हार्टवर्मच्या मोठ्या मादीचं प्रथिन ओळखते, रिपेन्सला ती ओळखत नाही. म्हणजे पट्टी कोरी आली तरी रक्तात पिल्लं असू शकतात, आणि पिल्लं दिसली तरी तो हार्टवर्म असेलच असं नाही. ज्या कुत्र्याला निरुपद्रवी जंत आहे त्याला कुणी सोमलाचे उपचार सुरू केले तर? आणि ज्याला खरा हार्टवर्म आहे त्याला ‘आपल्याकडे नसतो’ म्हणून खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं तर?

या प्रश्नांची उत्तरं एकेका कुत्र्यापुरती डॉक्टर देतील. पण रत्नागिरीत काय आहे, चंद्रपुरात काय आहे, पणजीत काय आहे, हे एकटा डॉक्टर सांगू शकत नाही. ते कळल्याशिवाय कुणाला बारा महिने गोळी लागेल, कुणाला पावसाळ्यापुरती, कुणाला वर्षातून एक तपासणी पुरेल, हे ठरवता येत नाही. आणि हे कळून घेण्याची संधी आपण रोज टेबलावरून पुसून टाकतो. पुसून टाकतो हे अगदी शब्दशः.

प्राणी जन्मनियंत्रण नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले. त्यांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून नसबंदी करतात, रेबीजची लस देतात, आणि ओळख पटावी म्हणून भूल असतानाच कानाला खाच पाडतात. रस्त्यावर कान कापलेलं कुत्रं दिसतं ते हेच. ती खाच पाडली की रक्त येतं. मदतनीस कापसाचा बोळा दाबून धरतो आणि तो बोळा बादलीत जातो. त्या बोळ्यात जे जातं तेच आपल्याला हवं आहे. वेगळी सुई नको, वेगळं पकडणं नको, कुत्र्याला जास्तीचा त्रास नको. थेंब काचपट्टीवर घ्यायचा. भुलीसाठी पायाच्या शिरेत नळी घातलेली असतेच, तिच्यातून एक मिलिलिटर रक्त काढून नॉटच्या चाचणीला ठेवायचं. माझ्या नोंदवहीत आज रकाने आहेत ते असे: क्रमांक, कुठून उचललं, नर की मादी, रंग, अंदाजे वय, वजन, शस्त्रक्रियेची तारीख, लस, सोडल्याची तारीख. त्यात आणखी एक रकाना हवा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यातल्या ज्या थोड्या कुत्र्यांवर दरवर्षी शस्त्रक्रिया होते, तेवढ्यांचं रक्त जरी पाहिलं, तरी आज आपल्यापाशी जे आहे त्याच्या कितीतरी पट माहिती हातात येईल.

भटकी कुत्रीच का? कारण तीच रात्रभर उघड्यावर असतात, गटाराकाठी, मासळी बाजारामागे, एसटी स्टँडच्या शेडखाली. त्यांना महिन्याची गोळी मिळत नाही. डास ज्या रक्तावर वाढतो ते रक्त त्यांचं आहे. सोसायटीतलं लॅब्रॅडॉर आणि गेटबाहेरचं गावठी कुत्रं यांच्यामध्ये भिंत आहे, पण ती डासासाठी नाही. फक्त पाळीव कुत्र्यांच्या चाचण्यांवरून नकाशा काढला तर तो ज्यांना चाचणी परवडते त्यांच्या वस्तीचा नकाशा होईल.

यावर पहिला सवाल येतो तो पैशांचा. काचपट्टी, फॉर्मॅलिन, रंग हे स्वस्त आहे. महाग आहे ते पाहणाऱ्याचा डोळा आणि वेळ. तो डोळा आपल्याकडे तयार आहे. विदर्भात हत्तीरोगासाठी रात्रीचं रक्त सर्वेक्षण कित्येक वर्षं चाललं आहे. आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्त घेतात, कारण माणसातल्या त्या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात, आणि तंत्रज्ञ त्या काचपट्ट्यांवर मायक्रोफिलेरिया, म्हणजे हीच सूक्ष्म पिल्लं, शोधतात. कुत्र्यांतली पिल्लंही संध्याकाळी आणि रात्री जास्त सापडतात. शस्त्रक्रियेनंतर कुत्री काही दिवस पिंजऱ्यातच असतात, त्यामुळे संध्याकाळचा नमुना घेणंही अवघड नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या हत्तीरोग पथकांतले जे लोक आयुष्यभर हेच पाहत आले, त्यांनी पशुवैद्यकीय विभागाच्या दोन-चार माणसांना महिनाभर शिकवलं तर काम सुरू होईल. पुढचा बारकावा, कोणता जंत हे ठरवणं, परळच्या, नागपूरच्या, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी करावं. तिथे दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात.

आरोग्य विभाग आणि पशुसंवर्धन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, हा यातला खरा अडसर आहे. दोघांचे डास एकच आहेत. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम सुरू झाली, देशात अगदी सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत ती झाली त्यांपैकी हा एक. त्या तिसऱ्या औषधाचं नाव आयव्हरमेक्टिन. आणि २०२१ च्या मे महिन्यात गोवा सरकारने कोविडपासून बचाव म्हणून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना हेच आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं होतं, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याविरुद्ध असताना. हे मी अशासाठी सांगतो की औषध हाताशी आहे म्हणून आधी ते वाटायचं आणि रोग कुठे किती आहे ते मागाहून पाहायचं, ही खोड कुत्र्यांपुरती नाही.

दुसरा सवाल अधिक वजनदार आहे: रेबीजने माणसं मरत असताना कुत्र्याच्या हृदयातल्या जंताची चिंता कशाला? रेबीज पहिला, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण रेबीजच्याच कामातून गोव्याने दाखवलं आहे की भटक्या कुत्र्यांची बारीक नोंद ठेवता येते. तिथे मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी वाड्यावाड्यांत फिरून लस दिली आणि प्रत्येक कुत्र्याची नोंद जागेसकट मोबाइलवर केली. कुठला वाडा राहिला हे त्याच संध्याकाळी कळत होतं. २०१७ नंतरची काही वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. ज्या यंत्रणेने हे केलं तिच्या मोबाइलवर आणखी एक रकाना वाढवल्याने रेबीजचं काम मागे पडत नाही. उलट ज्या शिबिरात सूक्ष्मदर्शक चालू असतो तिथे गोचीडताप, रक्तक्षय हेही दिसतात आणि शस्त्रक्रियेत मरणारी कुत्री कमी होतात.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, आणि तिच्यापायी हा लेख लिहू की नको असं झालं होतं. रिपेन्स हा जंत क्वचित माणसातही जातो. डास चावल्यावर अळी कातडीखाली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्याखाली वाढते. केरळात अशा सर्वाधिक नोंदी आहेत, कर्नाटकच्या किनाऱ्यावर आहेत, महाराष्ट्रातही झाल्या आहेत. नेत्रतज्ज्ञ छोट्या शस्त्रक्रियेने तो जंत काढून टाकतात आणि बहुतेकदा प्रश्न तिथेच मिटतो. माणसाच्या शरीरात त्याचा संसार सहसा मांडला जात नाही. कुत्र्याला हात लावल्याने, त्याने चाटल्याने, ते घरात झोपल्याने हा जंत येत नाही. तो फक्त डासाने येतो. पण ‘कुत्र्यामुळे डोळ्यात जंत’ एवढं एक वाक्य फिरलं तर कुठल्या गल्लीत काय होईल हे सांगायला नको. विषाचे गोळे टाकणाऱ्यांना निमित्तच हवं असतं. म्हणून कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना माझं सांगणं आहे की पालिकेकडून पैसे मिळावेत म्हणून हा मुद्दा माणसाच्या भीतीवर उभा करू नका. कुत्रं गुदमरून मरतं आणि ते टाळता येतं, एवढं कारण पुरेसं आहे. ज्याला ते पुरत नाही, त्याला डोळ्यातला जंत दाखवून तो कुत्र्याचा मित्र होणार नाही.

आता घरच्या कुत्र्याचं. नकाशा होईल तेव्हा होईल, तोवर काय? किनारपट्टीवर, मुंबई-ठाणे-रायगडापासून गोव्यापर्यंत, जे कुत्रं पाळतात आणि ज्यांना परवडतं, त्यांनी महिन्याचं औषध जरूर सुरू करावं असं माझं मत आहे, पण आधी रक्त तपासून. पट्टीची चाचणी आणि काचपट्टी, दोन्ही. चाचणी कोरी आली तरी सहा-सात महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण आज डासाने सोडलेली अळी आजच्या चाचणीत दिसत नाही. मग वर्षातून एकदा. कुत्र्याच्या सहा-सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला पहिल्या चाचणीची गरज नाही, औषध मात्र लवकर सुरू करता येतं. औषध कुत्र्यांसाठीचं घ्या, वजन करून घ्या, गुरांच्या बाटलीतलं नको. ‘रक्त कशाला, सरळ गोळी सुरू करू’ असं डॉक्टर म्हणाले तर नम्रपणे आग्रह धरा. रक्तात पिल्लं असलेल्या कुत्र्याला काही औषधं, विशेषतः मिल्बेमायसिन, बेतानेच द्यावी लागतात. आणि मोठे जंत आत असताना नुसती महिन्याची गोळी चालू ठेवली तर औषधाला न जुमानणारे जंत निवडून जगायला वाव मिळतो. मिसिसिपीच्या खोऱ्यात असे जंत सिद्ध झाले आहेत. ते संकट इथे आपण आपल्या हाताने ओढवून घेऊ नये.

बदलीवर फिरणाऱ्यांनी तर हे पाळलंच पाहिजे. लष्करातली, रेल्वेतली, बँकेतली माणसं गुवाहाटीहून पुण्याला येतात, कुत्रं बरोबर आणतात. त्या कुत्र्याच्या रक्तात पिल्लं असतील तर पुण्याच्या डासांना ती मिळतात. रेल्वेत आणि विमानात कुत्र्याच्या लसीचा कागद विचारतात. बदलीच्या गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात रक्त तपासणं हे मात्र कुणाच्या यादीत नसतं. दत्तक पाठवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचंही तेच, मग ती मुंबईहून बेंगळुरूला जावोत की कॅनडाला.

डासांबद्दल शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे ते सगळं इथे लागू आहे: आठवड्यातून एक कोरडा दिवस, टाकीवर झाकण, संडासाच्या वायुनळीला जाळी, विहिरीत गप्पी मासे. कोकणात आणखी नारळाच्या करवंट्या आणि सुपारीच्या विऱ्या, ज्यांत पावसाचं पाणी साचतं. कुत्र्याची पाण्याची वाटी रोज घासून भरा, अंगणात चार दिवसांचं पाणी ठेवू नका. मांजरांनाही हार्टवर्म होतो, कमी होतो पण होतो, त्यांच्या डॉक्टरांशी वेगळं बोलावं.

माझी मागणी पालिकांकडे आणि नसबंदी करणाऱ्या संस्थांकडे आहे, आणि ती आटोपशीर आहे. येत्या पावसाळ्यात किनारपट्टीवर दोन, विदर्भात एक आणि मराठवाड्यात एक, अशा चार केंद्रांवर कानाच्या खाचेचा थेंब काचपट्टीवर घ्या आणि वर्षभर चालू ठेवा. जे सापडेल ते, आणि जिथे काही सापडणार नाही तेही, जाहीर करा. लातूर-बीडकडच्या कोरड्या भागात वर्षभराच्या काचपट्ट्या कोऱ्या निघाल्या, तर तिथल्या माणसाने बारा महिने महागडी गोळी घेऊ नये हे मी स्वतः सांगत फिरेन. तो पैसा रेबीजच्या लसीला आणि गोचिडांच्या औषधाला लागू दे. आणि सिंधुदुर्गात दहातल्या एका कुत्र्यात जरी खरा हार्टवर्म निघाला, तर इथल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चाचणीच्या पट्ट्या आणि कुत्र्यांच्या वजनाला बेतलेलं औषध सरकारी दरात ठेवावं लागेल. ते मागायला मी नोंदवही घेऊन जाईन.